अमावास्येला तोडलेला बांबू

मघाशी चहाला एका काकांनी मला गाठलं. म्हणाले, समुद्राला चंद्रामुळे भरती येते, मग झाडातही पाणीच आहे ना, ते का नाही चढणार पौर्णिमेला? आमच्याकडे माणगा बांबू अमावास्येलाच तोडतात, पौर्णिमेचा तोडला की भुंगेरा लागतो आणि माळ्यावर पिवळा भुसा पडायला लागतो. आता हे हसण्यावारी नेण्यासारखं नाहीये, पण काका, तुम्ही कोकणातले, उधाण, म्हणजे सगळ्यात मोठी भरती, कधी येतं ते तुम्हीच सांगा. पौर्णिमेला येतं आणि अमावास्येलाही येतं! म्हणजे भरतीच्याच नियमाने जायचं तर दोन्ही दिवशी झाडात पाणी सारखंच चढायला हवं, मग अमावास्येचा बांबू वाचतो कसा?

भरती म्हणजे चंद्र पाणी उपसून वर ओढतो असं नाही. चंद्राकडच्या बाजूला ओढ जरा जास्त, पलीकडे जरा कमी, हा जो फरक आहे त्यावर सगळा खेळ चालतो, आणि हा फरक पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणाच्या साधारण एक कोटीव्या भागाएवढा आहे, एवढ्याशाने समुद्र हलतो कारण तो हजारो किलोमीटर सलग पसरलाय. तुमच्या कपातल्या चहाला कधी भरती आलेली बघितलीये? वीस मीटरचं झाड या हिशोबात कपच.

झाडातलं पाणी पानं ओढतात. उन्हात पानातून वाफ जाते, तिच्या जागी मागचं पाणी सरकतं, ते त्याच्या मागचं ओढतं, असं थेट मुळापर्यंत, दोरीसारखं. डिक्सन आणि जोली या शास्त्रज्ञांनी १८९४ साली हे मांडलं. भर दुपारी हा ताण हवेच्या नेहमीच्या दाबाच्या सहज दहा-पंधरा पट असतो. खोडाला मोजपट्टा बांधला तर दिवसा ते केसभर आवळतं आणि रात्री परत फुगतं, हे कुठल्याही झाडावर दिसतं, त्याला पौर्णिमा लागत नाही.

आता दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर म्हणाल लपवलं. १९९८ साली झुर्खर या संशोधकाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत छापलं की अंधारात ठेवलेल्या स्प्रूसच्या, म्हणजे थंड प्रदेशातल्या एका सूचिपर्णी झाडाच्या, खोडांची जाडी भरती-ओहोटीच्या तालात बदलते. निरीक्षण भारी आहे, पण मोजक्या झाडांवरचं, आणि एवढ्याशा ओढीने हे होतं कसं हा प्रश्न उरतोच. मी तरी अजून पटवून घेतलेलं नाही.

चंद्राला झाडापर्यंत पोचायचा खरा रस्ता खाडीतून जातो. खारफुटीतल्या तिवराची श्वासमुळं, म्हणजे हवा घ्यायला चिखलातून वर आलेली मुळं, भरतीला बुडतात, ओहोटीला उघडी पडतात, बी पाण्यावर तरंगत जातं, त्या झाडाचं आख्खं वेळापत्रक भरतीचं आहे.

आणि बांबूचं म्हणाल तर भुंगेऱ्याला हवा असतो त्यातला स्टार्च. तो किती आहे हे ऋतूवर, बांबू कोवळा की जून यावर ठरतं, शिवाय वाहत्या पाण्यात भिजत घातला तर बराच धुऊन जातो, आणि तुमच्या आजोबांनी हे सगळं अमावास्येबरोबरच पाळलं असणार. तेव्हा असं करूया, बांबूच्या एकाच बेटातले एकाच वयाचे दहा अमावास्येला, दहा पुढच्या पौर्णिमेला तोडायचे, खुणा फक्त मला माहीत, भुंगेऱ्याची भोकं वर्षभराने तुम्ही मोजायची. बेट तुमचं, कोयता मी आणतो.