सप्टेंबरात मोजलेलं पाणी

श्रोतेहो, नमस्कार.

शाळेच्या नळाला आज पाणी आहे का? मुलींच्या स्वच्छतागृहाला कडी आहे का? पहिली ते चौथीच्या मुलांना मिळून शिक्षक किती? या साध्या गोष्टी सरकारला कळतात कशा, आणि मुख्य म्हणजे कळतात कधी, याबद्दल आज मला तुमच्याशी बोलायचं आहे.

आपल्या देशात ही माहिती यू-डायस प्लस, म्हणजे देशातल्या सगळ्या शाळांच्या वार्षिक सरकारी नोंदीतून गोळा होते. १९९४-९५ च्या सुमारास काही जिल्ह्यांच्या प्राथमिक शाळांपासून सुरू झालेलं हे काम आज संपूर्ण देशात पसरलं आहे. प्रत्येक शाळेला अकरा अंकी क्रमांक असतो, आपल्या महाराष्ट्रातल्या शाळांचा २७ ने सुरू होतो. २०२४-२५ च्या अहवालात १४ लाख ७१ हजार शाळा आणि जवळपास २४ कोटी ६९ लाख विद्यार्थी आहेत. एवढ्या मोठ्या देशातली एकही शाळा सुटू नये म्हणून चाललेली ही धडपड मला खरोखर मोलाची वाटते. त्या नोंदी नसत्या तर देशात १ लाख ४ हजार शाळा एकाच शिक्षकावर चालतात, हेही आपल्याला कळलं नसतं. त्यातल्या आठ हजारांवर शाळा महाराष्ट्रात आहेत.

आता या एकशिक्षकी शाळेतच माहिती कशी भरली जाते ते पाहा. मुख्याध्यापिका त्याच, वर्गशिक्षिका त्याच, पोषण आहाराची खिचडी शिजली का हे बघणाऱ्याही त्याच. वर्गखोल्या किती, दुरुस्तीला आलेल्या किती, वीज आहे का, असली तर चालू आहे का, असे शेकडो रकाने त्याच भरतात. वाडीवर नेटवर्क नसेल तर मोबाइल घेऊन टेकडावर जातात. पुढे ही माहिती केंद्रप्रमुखांकडून गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे, तिथून जिल्ह्याला आणि मग राज्याला जाते. आणखी माहिती मागवा, असं आपण सहज म्हणतो. ती माहिती त्या बाईंच्या शिकवण्याच्या तासांतून येते, हे आधी ध्यानात घेतलं पाहिजे.

आणि एवढे कष्ट घेऊन आलेली माहिती हाती पडते कधी? २०२२-२३ आणि २०२३-२४ या दोन्ही वर्षांचे अहवाल २०२४ चं साल सरतासरता एकदमच बाहेर आले. २०२२-२३ मध्ये चौथीत असलेली मुलगी तोवर सहावीत पोचली होती. चौथीच्या वर्गाचं छप्पर तेव्हा गळत होतं, हे कळून तिला काय उपयोग? २०२४-२५ चा अहवाल मात्र २०२५ च्या ऑगस्टमध्ये आला. ही सुधारणा मोठी आहे आणि तिचं श्रेय द्यायलाच हवं.

पण मला सगळ्यात जास्त सलते ती तारीख. वर्षानुवर्षं या नोंदीचा आधार ३० सप्टेंबर हा दिवस राहिला आहे. सप्टेंबर अखेरीला मराठवाड्यातल्या विहिरीसुद्धा बऱ्यापैकी भरलेल्या असतात. हातपंपाला पाणी असतं, टाकी भरते, स्वच्छतागृहात बादलीभर पाणी मिळतं. त्या दिवशी ‘पाणी आहे’ असं लिहिणारे मुख्याध्यापक खरंच लिहितात. पण शाळा एप्रिलपर्यंत चालते. मार्चमध्ये हातपंप कोरडा पडतो, गावात टँकर येतो, मुलं घरून बाटली आणतात आणि मोठ्या मुली दुपारच्या सुट्टीत घरी गेल्या की परत येत नाहीत. देशातल्या ९९ टक्क्यांहून अधिक शाळांत पिण्याचं पाणी आहे, असं अहवाल सांगतो. त्या आकड्यात मार्चची तहान कुठेही दिसत नाही.

प्रत्यक्ष जाऊन पाहिलं की चित्र किती बदलतं, याचा दाखला महालेखापरीक्षकांनी दिला आहे. केंद्र सरकारच्या सार्वजनिक कंपन्यांनी शाळांत बांधलेल्या स्वच्छतागृहांची त्यांनी तपासणी केली. २०२० मध्ये संसदेत मांडलेल्या त्या अहवालानुसार, पाहणीत बांधलेल्या आढळलेल्या स्वच्छतागृहांपैकी ७२ टक्क्यांत आत वाहतं पाणीच नव्हतं.

महाराष्ट्राला तर २०११ ची पटपडताळणी आठवत असेल. ऑक्टोबरचे ते तीन दिवस राज्यभर मुलांच्या बोटांना शाई लावून मोजणी झाली आणि लाखो नावं नुसती कागदावर असल्याचं उघड झालं. पटावर तुकडी मंजूर होते, तुकडीवर शिक्षकाचं पद आणि अनुदान. ज्या आकड्यावर पोट अवलंबून आहे, तो आकडा खरा सांगणं माणसाला जड जातं. आता विद्यार्थीनिहाय नोंद होते, त्यामुळे खोटी नावं घुसवणं अवघड झालं आहे. तरी खरा आकडा सांगितला तर पद जाईल, ही भीती अजून गेलेली नाही.

अमेरिकेने कोरोनाच्या काळात एक निराळी वाट धरली. तिथल्या राष्ट्रीय शैक्षणिक सांख्यिकी केंद्राने २०२१ मध्ये ‘स्कूल पल्स पॅनेल’ सुरू केलं. सगळ्या शाळांऐवजी सुमारे २,४०० सरकारी शाळांचा नमुना निवडायचा आणि शाळा चालू असताना दर महिन्याला थोडे प्रश्न विचारायचे. किती मुलं घरून शिकताहेत, कोणत्या विषयाला शिक्षक मिळत नाही, असे प्रश्न. उत्तरं त्याच शैक्षणिक वर्षात लोकांसमोर आली. २०२५ मध्ये मात्र त्या केंद्रातल्या जवळजवळ सगळ्या कर्मचाऱ्यांना कमी केलं गेलं. मोजणाऱ्या माणसांचा पगार सरकारला नकोसा झाला, तर उत्तम पद्धतही टिकत नाही.

आपल्यालाही असं करता येईल. वार्षिक नोंद चालूच राहू द्या. तिच्या जोडीला प्रत्येक जिल्ह्यातल्या थोड्या शाळा चिठ्ठी टाकून निवडाव्यात आणि जुलैत, डिसेंबरात, मार्चमध्ये दहाच प्रश्न विचारावेत. मुख्याध्यापकांवर भार न टाकता बाहेरच्या माणसाने जाऊन नळ सोडून बघावा. त्या उत्तरांचा संचमान्यतेशी, म्हणजे शाळेला शिक्षकांची पदं मंजूर करण्याशी, काडीचाही संबंध ठेवू नये. पाणीटंचाईचा आराखडा करताना जिल्हाधिकाऱ्यांच्या टेबलावर मार्चचे आकडे असतील, तर शाळेच्या टाकीसाठीही टँकरची खेप धरता येईल.

तोवर एक गोष्ट आपल्या हातात आहे. प्रत्येक शाळेचं यू-डायसमधलं प्रगतिपत्रक इंटरनेटवर कुणालाही पाहता येतं. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत, असं शिक्षण हक्क कायदा सांगतो. तुम्ही अशा समितीत असाल तर पुढच्या सभेला ते पत्रक छापून न्या आणि एकेक ओळ वाचत मुख्याध्यापकांसोबत शाळेत फिरा. जिथे फरक दिसेल तिथे तो तारखेसह इतिवृत्तात लिहून घ्या. आणि जमलं तर ही सभा मार्चमध्ये भरवा.

नमस्कार.