बंद बॉयलर आणि सैल न्यूट्रल

श्रोतेहो, नमस्कार. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इथे ब्रिटनमध्ये घड्याळे एक तास मागे जातात, दुपारी साडेचार-पावणेपाचलाच अंधारून येऊ लागते आणि त्याच सुमारास घराघरांतले गॅस बॉयलर हीटिंगसाठी पुन्हा पूर्ण ताकदीने चालू लागतात. मी अनेक वर्षे इथे वीजकाम करतो आणि याच दिवसांत मला मराठी घरांतून सर्वाधिक फोन येतात. बहुतेकांचे पहिले वाक्य ठरलेले असते: ‘बॉयलर डेड झाला आहे, नवा घ्यावा लागेल का?’ आज मी बोलणार आहे ते या पहिल्या वाक्याविषयीच, कारण बंद पडलेला बॉयलर बिघडलेलाच असतो असे नाही. पुष्कळदा बिघाड त्याच्यापर्यंत येणाऱ्या विजेत असतो आणि तो शोधण्याची एक सरळ पद्धत आहे.

लेस्टरमधल्या एका वयस्कर मराठी जोडप्याच्या घरची गोष्ट सांगतो. डिसेंबरची संध्याकाळ होती. बॉयलरची आकडे दाखवणारी काच उजळलेली असे, पण गरम पाण्याचा नळ उघडला की आतला पंखा फिरायला लागल्याचा आवाज येई, लगेच काचेवरचे आकडे मंद होत, सगळे विझे आणि काही सेकंदांनी बॉयलर पहिल्यापासून सुरू होई. हे चक्र दिवसभर चाले. त्याआधी आलेल्या एका कारागिराने ‘सर्किट बोर्ड गेला’ असे निदान करून बोर्ड बदलला होता आणि त्याचे बरेच पैसे काकांनी भरले होते. दोन दिवसांनी दुखणे जसेच्या तसे परत आले. काकू कोट घालून स्वयंपाक करत होत्या.

या बॉयलरला उष्णता गॅसपासून मिळते, पण वीज नसेल तर तो गॅस पेटवूच शकत नाही. हवा ओढणारा पंखा, पाणी फिरवणारा पंप, गॅसचा व्हॉल्व्ह, ठिणगी पाडणारा भाग आणि या सगळ्यांवर देखरेख करणारा सर्किट बोर्ड हे विजेवर चालतात. आपल्या आजोळच्या तांब्याच्या बंबाला चार ढलप्या पुरत. हे यंत्र २४ किलोवॅट उष्णता देत असले, तरी शे-सव्वाशे वॅट विजेवाचून त्याचे पान हलत नाही. ही वीज गावाकडच्या घरातल्या दीड-दोन छताच्या पंख्यांना लागते तेवढीच आहे आणि म्हणून बॉयलरसाठी वेगळी जाड वायर न टाकता भिंतीवरच्या एका फ्यूज असलेल्या स्विचमधून, ज्याला इथे फ्यूज स्पर म्हणतात, त्याला वीज दिलेली असते. त्या स्परमध्ये ३ अँपिअरचा फ्यूज असतो.

पहिला प्रश्न असा, की बॉयलरची काच पूर्ण काळी आहे की उजळलेली. काच स्थिरपणे उजळलेली असेल आणि तरीही बॉयलर पेटत नसेल, तर वीज पोहोचते आहे असे धरून थर्मोस्टॅटची बॅटरी, टायमरची वेळ आणि पाण्याचा दाब, जो साधारण १ ते १.५ बार असावा, यांच्याकडे वळावे. कडाक्याच्या थंडीत बाहेरचा सांडपाण्याचा प्लास्टिकचा पाइप गोठला तरी बॉयलर बंद पडतो. काच काळी असेल किंवा काम सुरू होताच विझत असेल, तर मात्र विजेच्या उगमापासून बॉयलरच्या दिशेने एकेक पायरी चालत यायचे. घरातले इतर दिवे लागतात का ते पाहा. संपूर्ण गल्लीच अंधारात असेल, तर १०५ हा क्रमांक वीज गेल्याची तक्रार करण्यासाठी आहे. विद्यार्थ्यांच्या भाड्याच्या घरांत कधी कधी आगाऊ पैसे भरायचा मीटर असतो, त्यातली शिल्लक संपलेली असू शकते. त्यानंतर मेन स्विचच्या डब्यातली एखादी कळ खाली पडली आहे का, स्परचा स्विच कोणी साफसफाई करताना चुकून बंद केला आहे का, आणि शेवटी फ्यूज.

फ्यूजविषयी थोडे थांबून सांगायला हवे. फ्यूज उडाला की घरातल्या ड्रॉवरमध्ये सापडतो तो फ्यूज बसवण्याकडे कल असतो आणि इथल्या ड्रॉवरमध्ये हमखास सापडतो तो १३ अँपिअरचा, कारण किटली-इस्त्रीच्या प्लगमध्ये तोच असतो. दिसायला दोन्ही सारखे, मापही एकच, त्यामुळे तो बसतोही व्यवस्थित. पण स्परमधून बॉयलरकडे जाणारी लवचिक वायर बहुधा ०.७५ चौरस मिलिमीटरची असते आणि ती जेमतेम ६ अँपिअरसाठी बनवलेली आहे. बिघाडामुळे जास्त प्रवाह वाहू लागला, तर १३ अँपिअरच्या फ्यूजमागे ती वायर तापून वितळू शकते आणि फ्यूज मात्र शाबूत राहू शकतो. म्हणून ३ चाच फ्यूज घालायचा, तोही स्विच बंद करून आणि एकदाच. दुसऱ्यांदा उडाला तर पंप जाम झाला आहे किंवा कुठे पाणी शिरून शॉर्ट होते आहे असे समजून तिथेच थांबायचे.

आता लेस्टरला परत येतो. तिथे फ्यूज शाबूत होता, स्विच चालू होता आणि काकांनी भारतातून आणलेला टेस्टर स्क्रूड्रायव्हर त्या स्परच्या फ्यूजच्या टोकाला लावून मला दाखवला. निऑन छान पेटत होता. ‘फेज तर आहे,’ काका म्हणाले. त्यांचे म्हणणे अगदी बरोबर होते, पण फेज असणे म्हणजे वीजपुरवठा असणे नव्हे. वीज एका वायरने, म्हणजे फेजने, येते आणि दुसऱ्या वायरने परत जाते. परतीची वाट, म्हणजे न्यूट्रल, तुटलेली किंवा सैल असेल तर टेस्टर पेटत राहतो आणि यंत्र मात्र चालत नाही. फेजला लावलेल्या त्या टेस्टरला न्यूट्रल शाबूत आहे की नाही हे सांगता येत नाही. नुसता मीटर लावला तरी काम भागत नाही, कारण चांगल्या डिजिटल मीटरला मोजण्यासाठी इतका क्षुल्लक प्रवाह लागतो, की एखाद्या केसाएवढ्या संपर्कातूनही तो पूर्ण व्होल्टेज दाखवतो.

म्हणून मी स्परच्या बॉयलरकडच्या टोकांना मीटर लावून काकूंना नळ उघडायला सांगितले. नळ बंद असताना २३८ व्होल्ट होते. इथला पुरवठा नावाला २३० चा असून २१६ ते २५३ च्या दरम्यान कुठेही असू शकतो, त्यामुळे तो आकडा उत्तमच होता. नळ उघडला, पंखा घुमला आणि आकडा घसरत दीडशेच्या आसपास आला, बॉयलर विझला, आकडा पुन्हा २३८. भार पडला की पुरवठा बसतो आणि भार गेला की उठतो. अशा वागण्याचा अर्थ वाटेत कुठेतरी सांधा सैल आहे एवढाच असतो. बॉयलरमधल्या कोणत्याही भागाचा त्यात दोष नव्हता.

मेन स्विच बंद केला, मीटर आधी दुसऱ्या चालू सॉकेटवर लावून तो धडधाकट असल्याची खात्री आधीच केली होती, मग स्परवर वीज नसल्याचे पाहिले आणि स्पर भिंतीतून बाहेर ओढला. तो वॉशिंग मशिनच्या मागे होता, त्याच्यावर कपड्यांच्या भुशाचा थर होता. न्यूट्रलच्या स्क्रूभोवतीचे पांढरे प्लास्टिक चहाच्या डागासारखे तपकिरी झाले होते, तांब्याच्या टोकावर काळा कार्बन धरला होता आणि जळक्या माशासारखा तो ओळखीचा वास येत होता. स्क्रू पूर्ण अर्धा फेरा सहज आवळला गेला. त्या सांध्यात ऐंशी-नव्वद व्होल्ट अडकत होते, म्हणजे बॉयलरच्या एवढ्याशा प्रवाहातही लहान सोल्डरिंग आयर्नइतकी उष्णता त्या एका स्क्रूखाली तयार होत होती, तीही भुशाच्या थराला खेटून. तो स्पर मी काढून टाकला, वायरचे जळलेले टोक कापून नवीन बसवला आणि नळ उघडल्यावर मीटर २३७ वर राहिला. एवढ्यासाठी एक चांगला बोर्ड बदलला गेला होता, याचे मला आजही वाईट वाटते.

इथे आपल्या लोकांसाठी एक धोका मुद्दाम सांगतो. महाराष्ट्रातल्या घरात लाल म्हणजे फेज, काळी म्हणजे न्यूट्रल आणि हिरवी म्हणजे अर्थिंग हे आपल्या अंगवळणी पडलेले आहे आणि तीन फेजच्या मोटरवर निळी वायरही फेजच असते. ब्रिटनमध्ये २००६ पासूनच्या नव्या कामात तपकिरी ही फेज, निळी ही न्यूट्रल आणि हिरवी-पिवळी ही अर्थ आहे. जुन्या घरांत मात्र लाल-काळी अजून आहे आणि काही डब्यांत दोन्ही जोड्या एकत्र भेटतात. रंगावर विश्वास ठेवू नका. न्यूट्रल तुटलेला असेल, तर बॉयलरच्या आतून फिरून आलेला फेज त्याच निळ्या वायरवर उभा असतो आणि तिला बोट लावणे जिवावर बेतू शकते.

फेज आणि न्यूट्रल उलटे जोडले गेले, तर त्याचे लक्षण निराळेच असते. ज्योत पेटली आहे हे बॉयलर ज्योतीतून अर्थकडे जाणाऱ्या अतिसूक्ष्म प्रवाहावरून ओळखतो. जोडणी उलटी असली किंवा अर्थिंग नीट नसले, तर काही बॉयलर ज्योत पेटूनही ती न दिसल्यासारखे विझतात आणि लॉक होतात. अशा वेळी गॅसवर संशय घेतला जातो आणि स्परकडे कोणी पाहत नाही.

आणखी एक प्रकार म्हणजे आर.सी.डी., म्हणजे वीज अर्थकडे गळू लागताच पुरवठा तोडणारी कळ, पडणे; भारतात आपण तिला ई.एल.सी.बी. म्हणत आलो. ३० मिलिअँपिअर गळती झाली की ती पडते. बॉयलर सुरू होताना पडते का हे पाहून स्परचा स्विच बंद करा आणि आर.सी.डी. पुन्हा वर करा. ती टिकली, तर गळती बॉयलरच्या बाजूला, बहुधा पंपावर किंवा व्हॉल्व्हवर ठिबकणाऱ्या पाण्यामुळे आहे. डब्यातली छोटी एम.सी.बी. बंद करून ही परीक्षा करू नका, कारण ती फक्त फेज तोडते आणि न्यूट्रल अर्थला टेकलेला असेल तर आर.सी.डी. तरीही पडते; स्परचा स्विच दोन्ही वायरी तोडतो.

बॉयलरचे झाकण मात्र तुम्ही उघडायचे नाही. अनेक बॉयलरमध्ये ते झाकणच धूर घरात येऊ न देणारी सील असते आणि गॅसचे काम करण्याचा अधिकार इथे फक्त ‘गॅस सेफ’ या अधिकृत यादीत नोंदणी असलेल्या माणसाला आहे. त्याचे ओळखपत्र मागून पाहायला संकोच करू नका. गॅसचा वास आला तर कोणताही स्विच न हलवता घराबाहेर पडून ०८०० १११ ९९९ वर फोन करा. इंग्लंडमध्ये भाड्याने राहणाऱ्यांच्या बॉयलरची दुरुस्ती १९८५ च्या घरमालक-भाडेकरू कायद्याने घरमालकाची जबाबदारी आहे, तेव्हा थंडीत कुडकुडत स्वतः खर्च करत बसू नका.

कारागिराला फोन करण्यापूर्वी एका कागदावर इतके लिहून ठेवा: काच काळी आहे की मंद होऊन विझते, विझते तेव्हा पंखा सुरू झालेला असतो का, फ्यूज किती अँपिअरचा आहे आणि तो उडाला होता का, डब्यातली नेमकी कोणती कळ पडली. तो आल्यावर एकच विनंती करा, की बोर्ड बदलण्याआधी नळ उघडा ठेवून, भार चालू असताना, स्परवरचे व्होल्टेज मोजून दाखवा. नमस्कार.