कॅनडातलं गाणं

नमस्कार, श्रोतेहो.

तुरुंगावरचा पहारेकरी आणि कैदी यांच्या प्रेमाच्या गोष्टी लोक चवीने ऐकतात. आज मी सांगणार आहे ती गोष्ट मात्र नाझींच्या आउश्विट्झच्या छळछावणीतली आहे, आणि ती सांगताना माझा आवाज जरा जड होतो.

हेलेना त्सित्रोनोवा ही स्लोव्हाकियातली ज्यू मुलगी. 1942 मध्ये तिला त्या छावणीत आणलं. तिथे मालाची काही गोदामं होती. गाडीतून उतरवलेल्या माणसांच्या पेट्या, चपला, कोट, चष्मे तिथे येत आणि कैद्यांनी ते निवडायचे. त्या सामानात कधी पावाचा तुकडाही सापडे. कैदी त्या जागेला 'कॅनडा' म्हणत, कारण कॅनडा म्हणजे सुबत्तेचा देश.

तिथला पहारेकरी फ्रान्झ वुन्श, एसएसचा, म्हणजे छावण्या चालवणाऱ्या नाझी दलाचा माणूस, तोही विशीतलाच. त्याच्या वाढदिवशी हेलेनाला गाणं म्हणायला लावलं. ती जर्मन गाणं गायली, आणि तिला तिथून हलवू नका, असं त्याने सांगितलं. पुढे त्याने तिला प्रेमाची चिठ्ठी दिली. तिने ती फाडून टाकली. जर्मनाने ज्यू स्त्रीशी संबंध ठेवणं हा 1935 पासून गुन्हाच होता.

मग एक दिवस तिची थोरली बहीण रोझिंका आपल्या लहान मुलांना घेऊन छावणीत पोचली आणि त्यांना थेट विषारी गॅसच्या कोठडीकडे नेलं गेलं. हेलेना धावली. वुन्शने बहिणीचं नाव विचारलं आणि तो आत गेला. ही माझ्याकडची कामगार आहे, असं सांगून त्याने रोझिंकाला बाहेर काढलं.

मुलं आतच राहिली.

इथे मी नेहमी थांबतो. ज्याच्या एका शब्दावर बहीण जगते आणि मुलं मरतात, त्याला 'नाही' म्हणायची मोकळीक हेलेनाला कुठे होती? म्हणून या नात्याला प्रेमकथा म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पण हेलेना स्वतः म्हातारपणी म्हणाली की, शेवटी शेवटी आपलं त्याच्यावर प्रेम होतं. तिचं ते म्हणणं खोटं ठरवणारा मी कोण? त्या गोदामात मी उभा नव्हतो.

छावणीतला तिचा एक फोटो आहे. अंगावर कैद्याचे पट्ट्यांचे कपडे, आणि ती हसते आहे. मी तो पुन्हा पुन्हा पाहिला. त्या हसण्याचा अर्थ मला अजून लागलेला नाही.

1972 मध्ये व्हिएन्नात वुन्शवर खटला चालला. दोघी बहिणी इस्रायलहून साक्षीला गेल्या. याच माणसाने इतर कैद्यांना मारहाण केल्याचं तिथे पुढे आलं, आणि रोझिंकाला त्यानेच वाचवल्याचंही. तो सुटला. ज्याने आपल्याला बाहेर ओढलं आणि मुलांना आत राहू दिलं, त्याच्यासमोर रोझिंका त्या कोर्टात उभी होती.