प्रवेश विनामूल्य

श्रोतेहो, नमस्कार.

जाहीर व्याख्यानाच्या निमंत्रणपत्रिकेवर तळाशी एक ओळ ठरलेली असते : 'प्रवेश विनामूल्य. सर्वांना आग्रहाचे निमंत्रण.' एका व्याख्यानमालेत मी अनेक वर्षे स्वयंसेवक होतो. खुर्च्या मांडायच्या, वक्त्यासमोर पाण्याचे भांडे ठेवायचे आणि भाषण संपले की श्रोत्यांकडून प्रश्नांच्या चिठ्ठ्या गोळा करून व्यासपीठावर नेऊन द्यायच्या, एवढे माझे काम. त्या काळात ती ओळ मी इतक्या वेळा वाचली की हळूहळू ती मला खटकू लागली. समाजाची रीत बदलावी, माणसाने आपले वागणे तपासून पाहावे, अशा हेतूने दिलेले व्याख्यान खरोखर विनामूल्य असू शकते का? त्याची किंमत कोणाला तरी मोजावी लागते, आणि कोणीच मोजली नाही तर ते कितीही रंगले तरी करमणुकीतच जमा होते, असे माझे मत झाले आहे.

पुण्यातील वसंत व्याख्यानमाला १८७५ साली महादेव गोविंद रानडे यांच्या पुढाकाराने सुरू झाली आणि तिचा कित्ता पुढे गावोगावच्या मालांनी गिरवला, हे आपणांपैकी अनेकांना ठाऊक असेल. त्याच वर्षी स्वामी दयानंद सरस्वती पुण्यात आले होते. मूर्तिपूजेवर आणि जन्मावरून ठरणाऱ्या जातीवर कडाडून टीका करणारी त्यांची व्याख्याने तेथे झाली. त्यांपैकी पंधरा पुढे छापून प्रसिद्ध झाली. व्याख्याने होत होती तोवर विरोध बहुतांशी तोंडी होता. स्वामींची मिरवणूक निघाली तेव्हा मात्र विरोधकांनी एक गाढव सजवून 'गर्दभानंदाचार्यां'ची दुसरी मिरवणूक काढली. टवाळी करतानाही 'आचार्य' ही पदवी जोडायला ते विसरले नाहीत, हे त्या शहराच्या स्वभावाला धरूनच झाले. स्वामींच्या मिरवणुकीवर चिखलफेक झाली. त्या मिरवणुकीत रानडे सहभागी होते आणि तिच्या संरक्षणासाठी जोतीराव फुले आपल्या सहकाऱ्यांसह आले होते. वेदांना प्रमाण मानणाऱ्या संन्याशाच्या आणि वेदांचे प्रामाण्य साफ नाकारणाऱ्या फुल्यांच्या विचारांत केवढे अंतर होते, हे लक्षात घेतले म्हणजे त्या दिवशीच्या उपस्थितीचा अर्थ कळतो. मत पटणे वेगळे आणि ते मांडणाऱ्याच्या बाजूने रस्त्यावर उभे राहणे वेगळे.

मात्र रानड्यांची गोष्ट एवढ्यावर सोडून देणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. १८७३ मध्ये त्यांची पहिली पत्नी वारली. विधवाविवाहाच्या चळवळीत ते उघडपणे वावरत होते, त्यामुळे आता ते स्वतः विधवेशी विवाह करतील अशी अनेकांची अपेक्षा होती. वडिलांच्या आग्रहापुढे त्यांनी मान तुकवली आणि त्याच वर्षी अकरा वर्षांच्या मुलीशी त्यांचे लग्न झाले. व्याख्यानांतून सांगितलेला विचार घराच्या उंबऱ्यावर अडला. लोकांनी त्यांना बोल लावला आणि तो रास्तच होता, असे मला वाटते. परंतु त्याच मुलीला त्यांनी लिहायला वाचायला शिकवले, घरातील वडीलधाऱ्या बायकांचा विरोध असतानाही ते शिक्षण थांबू दिले नाही, आणि तीच मुलगी, म्हणजे रमाबाई रानडे, पुढे स्त्रियांच्या सभांतून स्वतः बोलू लागली व १९०९ साली पुण्यात सुरू झालेल्या सेवासदन या स्त्रीशिक्षणाच्या संस्थेची धुरा तिने वाहिली. वक्त्याचे वागणे त्याच्या बोलण्याला कमी पडले म्हणून ते बोलणे वाया गेले, असा हिशेब घाईने मांडू नये. ज्या घरात ते कमी पडले, त्याच घरात ते रुजलेही. तेथे किंमत मोजली ती मात्र रमाबाईंनी, घरातल्या बायकांची बोलणी ऐकत धडे गिरवून.

कधी ही किंमत आयोजकांच्या वाट्याला येते आणि त्यांना ती झेपत नाही. १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने आपल्या वार्षिक परिषदेच्या अध्यक्षपदासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना बोलावले. मंडळ नावाप्रमाणेच जातिभेदाच्या विरोधात होते. त्याचे कार्यकर्ते सनातनी नव्हते, सुधारक होते. त्यांनी भाषणाचा मसुदा आधी पाहिला आणि शास्त्रांच्या प्रामाण्यावर घाव घालणारा भाग त्यांना अडचणीचा वाटला. तो गाळावा अशी विनंती झाली. बाबासाहेबांनी एक स्वल्पविरामही बदलणार नाही असे कळवले, आणि परिषदच रद्द झाली. झाले नाही ते भाषण त्यांनी स्वतः छापले. पहिल्या आवृत्तीच्या १५०० प्रती दोन महिन्यांत संपल्या. ज्यांना जात मोडायची होती त्यांनाच ती कशावर उभी आहे हे आपल्या व्यासपीठावरून ऐकवत नव्हते. मला त्या आयोजकांचा राग कमी येतो, ओळख जास्त पटते. 'तेवढा मुद्दा जरा सौम्य करता आला तर बरे' असा निरोप घेऊन मीही एकदा एका वक्त्याकडे गेलो होतो. त्या गृहस्थांनी तो मुद्दा खरोखरच सौम्य केला. सभागृह भरले होते, टाळ्याही पडल्या. त्या व्याख्यानातले आज मला काहीही आठवत नाही.

याच्या उलट उदाहरण अमेरिकेतील रॉचेस्टर शहराचे आहे. गुलामगिरीतून निसटून आलेले फ्रेडरिक डग्लस यांना तेथील गुलामगिरीविरोधी महिला संस्थेने स्वातंत्र्यदिनाच्या निमित्ताने बोलायला बोलावले. ५ जुलै १८५२ रोजी त्यांनी केलेल्या भाषणात 'आपले स्वातंत्र्य' असा शब्दप्रयोग न करता ते 'तुमचे स्वातंत्र्य', 'तुमचे पूर्वज' असे म्हणत राहिले आणि हा सण तुमचा आहे, माझा नाही, असे त्यांनी समोर बसलेल्या सहानुभूतिदारांनाच सुनावले. एका सर्वनामाने सभागृहातील वक्ता आणि श्रोते यांच्यामधले अंतर उघडे केले. त्या संस्थेने हे भाषण होऊ दिले, याचे श्रेय तिला दिले पाहिजे.

श्रोत्याची किंमत सर्वांत कमी दिसते. तरीही एके काळी सुधारणेच्या व्याख्यानाला जाऊन बसणे हीच एक कृती होती, कारण कोण कोण आले होते हे दुसऱ्या दिवशी आळीत माहीत झालेले असे. नभोवाणीने तीही गरज संपवली. ब्रिटनमध्ये बीबीसीने १९४८ पासून नभोवाणीवरून रीथ व्याख्यानांची माला सुरू केली आणि पहिला मान तत्त्वज्ञ बर्ट्रंड रसेल यांना दिला; सभागृहात मावणार नाहीत इतक्या लोकांच्या घरात विचार पोहोचला, ही केवढी तरी सोय झाली. मात्र घरात बसून ऐकणाऱ्याला कोणी पाहत नाही, आणि नकोसे वाक्य आले की बटण फिरवता येते. मला तरी आत्ता, हे बोलत असताना, कोण मधेच उठून गेले ते दिसत नाही. सभागृहात ते दिसे, आणि उठून जाणाऱ्याची पाठ पाहून वक्त्याला आपले कोणते वाक्य वर्मी लागले हे कळत असे.

ज्या व्याख्यानमालेत मी चिठ्ठ्या गोळा करीत असे, तेथे एका संध्याकाळी हुंड्यावर फार चांगले भाषण झाले. चिठ्ठ्यांचा गठ्ठा मी व्यासपीठावर ठेवला. वरची चिठ्ठी वहीच्या फाडलेल्या पानावर पेन्सिलीने लिहिलेली होती : 'सगळे पटले. माझ्या भावाचे लग्न पुढच्या महिन्यात आहे आणि बोलणी झाली आहेत. मी घरी काय म्हणू?' वक्त्यांनी ती मनाशी वाचली, चष्मा काढून पुसला, चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली आणि पुढची उचलली. कार्यक्रम संपल्यावर सभागृह रिकामे झाले तरी तिसऱ्या रांगेतली एक मुलगी बसूनच होती. वक्ते खाली उतरून तिच्या शेजारच्या खुर्चीवर जाऊन बसले, आणि मी दिवे मालवायचे थांबलो.