पाठीला पाठ लावून उभी दोन थिएटरं

हे चित्रण 2024 च्या ऑगस्टमधलं, आगीनंतरचं. छप्पर कोसळलंय, आत लोखंडाचे पिळवटलेले तुकडे, ओली राख. भिंती मात्र उभ्या आहेत. दगडी आहेत ना, म्हणून. कोल्हापूरचं संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह. जुन्या पेठांतल्या माणसांच्या तोंडी याचं नाव शेवटपर्यंत पॅलेस थिएटरच राहिलं.

आता या भिंतीच्या पलीकडे चला. पलीकडे खासबाग, कुस्तीचं मैदान. मधोमध तांबड्या मातीचा हौदा आणि त्याच्या चहूबाजूंनी वर चढत गेलेली बैठक. शेवटच्या माणसालाही पैलवानाची पाठ मातीला लागली की नाही, ते स्वतःच्या डोळ्यांनी दिसलं पाहिजे, असा तो उतार. पंचाच्या शब्दावर भरवसा ठेवणारं हे गाव नव्हे.

दोन्ही वास्तूंचं मूळ एकच. 1902 साली राजर्षी शाहू महाराज सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी विलायतेला गेले. त्या प्रवासात त्यांनी रोममधलं जुनं लंबवर्तुळाकार मैदान पाहिलं, युरोपातली नाट्यगृहं पाहिली. बघून आलेले पुष्कळ असतात. महाराजांनी परत येऊन बांधायला घेतलं. 1912 पर्यंत कुस्तीचं मैदान उभं राहिलं, तीस हजारांच्या आसपास माणूस बसेल एवढं. लगेच 1913 मध्ये त्याला लागूनच नाट्यगृहाचं काम सुरू झालं आणि 1915 मध्ये ते खुलं झालं. एकाला छप्पर, एकाला आभाळ.

मला या शेजाराचं फार कौतुक वाटतं. दुसऱ्या कुणी नाटक एका टोकाला आणि कुस्ती दुसऱ्या टोकाला ठेवली असती. सभ्य लोकांचं इकडे, रांगड्यांचं तिकडे. इथे रविवारी हलगीच्या ठेक्यावर शड्डू ऐकणारा माणूस त्याच आठवड्यात फेटा सारखा करून नांदीला येऊन बसायचा. चितपट झाली की टोपी उडवायचा आणि तान रंगली की 'वन्स मोअर' मागायचा, दोन्ही त्याच गळ्यानं.

नाट्यगृहाची खरी परीक्षा आवाजाची होती. तेव्हा माईक नव्हता. संगीत नाटकातल्या नटाला पद म्हणायचं ते थेट मागच्या रांगेसाठी. प्रेक्षागृहात मधे खांब नव्हता, त्यामुळे नजर अडत नव्हती आणि सूरही अडत नव्हता.

आणि सूर म्हटला की केशवराव आलेच. 9 ऑगस्ट 1890 चा जन्म, याच कोल्हापुरात. लहान वयात नाटक कंपनीत गेले, 1908 मध्ये हुबळीला त्यांनी ललितकलादर्श ही स्वतःची मंडळी काढली. जुलै 1921 मध्ये मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी दोन नाटक मंडळींनी मिळून केलेलं 'संयुक्त मानापमान' झालं. धैर्यधर केशवराव, भामिनी बालगंधर्व. त्यानंतर तीन महिन्यांत केशवराव गेले. वय फक्त 31. 1957 मध्ये पॅलेस थिएटरला त्यांचं नाव मिळालं.

पण या वास्तूला नुसतं नाट्यगृह म्हणणं म्हणजे कोल्हापूर न कळणं. राज्य नाट्य स्पर्धेच्या प्राथमिक फेरीपासून लावणीपर्यंत, ऑर्केस्ट्रापासून व्याख्यानापर्यंत, शाळेच्या गॅदरिंगपासून सत्कारापर्यंत सगळं इथेच व्हायचं. घरात एखादं पोर नाचात उभं राहिलं असेल, तर विंगेतला धुरकट वास त्या घराला माहीत असतो. रंगकर्मींचं मोठं दुखणं असायचं ते तारीख मिळण्याचं. शनिवार-रविवार हातात पडला की निम्मं नाटक बसल्यासारखं.

पलीकडच्या मैदानाचंही तेच. गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी, या तालमींतली पोरं या मातीत उतरली. कुस्तीचा फड संपला की रात्री तीच बैठक सभेसाठी भरायची. मैदानाच्या बाजूला व्यासपीठ होतं, ते नाट्यगृहाच्या भिंतीला टेकलेलं.

8 ऑगस्ट 2024, गुरुवार, रात्र. आग त्याच मैदानाच्या व्यासपीठाकडून आली असं सांगितलं गेलं. शेजार इतका जवळचा, की मधे थांबायला तिला जागाच नव्हती. रंगमंच, पडदे, खुर्च्या, छप्पर, काही उरलं नाही. लोक रस्त्यावर उभे राहून बघत होते आणि मोठी माणसं रडत होती. दुसऱ्या दिवशी नागपंचमी, आणि केशवरावांची जयंतीही.

सरकारनं पुनर्बांधणीसाठी 20 कोटी जाहीर केले. कलावंतांची मागणी एकच होती, जसं होतं तसं. पण 'तसं' म्हणजे कोणत्या सालातलं? 1915 चं, की आदल्या दिवशीपर्यंतचं, तारा आणि दिव्यांनी भरलेलं? दगड जुना ठेवा, वायरिंग नवं घाला, मैदान आणि नाट्यगृहाच्या मधे आग अडेल अशी भिंत बांधा, यावर वाद नसावा. एक गोष्ट मात्र नकाशावर दिसत नाही. उद्घाटनाच्या भाषणांआधी सगळे माईक बंद करावेत, एका गायकाला रंगमंचावर उभं करावं आणि शेवटच्या रांगेत एखाद्या म्हाताऱ्या आजीला बसवावं. पद संपलं की तिला विचारावं, 'आजी, ऐकू आलं काय?'