काळी आणि बरड

मंडळी, विषय ठरलाय गोदामं आणि प्रादेशिक नियोजन. नियोजनाकडे येतोच, पण आधी माझ्या धुऱ्यावर चला.

आमचं वावर वर्धा जिल्ह्यातल्या सेलू तालुक्यात, पाच एकर काळी. शेजारच्या वावरात गोदाम उभं राहिलं. भरावाला मुरूम पडला, टिप्परवर टिप्पर, आणि ती जमीन माझ्या छातीइतकी वर आली. श्रावणात झड लागली तसा सालदाराचा फोन आला, "मास्तर, लवकर या जी, तुरीत डोंगा चालन!" तुम्ही हसलात, तेव्हा मीही हसलो होतो. जाऊन पाहतो तर गुडघाभर पाणी. तुरीला साचलेलं पाणी सोसत नाही. आठवड्यात झाडं उभ्यानं वाळली. एक उपटलं, तर मुळाची साल काळी पडून बोटांत निघून आली.

पाणी आधीही यायचं. दोन वावरांच्या मधल्या चरीतून ते नाल्याला लागायचं. आमच्या आज्यानं खोदलेली ती चर मुरमाखाली गेली. पांदणीवर ट्रक उभे, म्हणून बैलबंडी लोकांच्या वावरातून न्यावी लागते. कचेरीत गेलो. उत्तर मिळालं, "त्यांची परवानगी त्यांच्या गटापुरती बरोबर आहे." गटापुरती! पाण्याला गट नंबर कुठे कळतो?

गोदामांशी माझं वैर नाही. आपलीच पोरं तिथे कामाला आहेत, आपल्या तुरीलाही छप्पर लागतंच. १ जुलै २०१७ला जीएसटी आला. त्याआधी केंद्रीय विक्रीकर वाचवायला कंपन्या राज्याराज्यांत छोटे डेपो ठेवत. ती गरज संपली, मोजक्या जागी मोठी गोदामं परवडू लागली, आणि नागपूर पडलं देशाच्या मध्यावर. त्यात ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग झाला. गोदामं येणारच.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, पाच मिनिटं. मुद्द्याचं भरभर सांगतो.

१९६६च्या नगररचना कायद्यात प्रादेशिक योजना आहे, म्हणजे सगळ्या भागात कोणती जमीन कशाला वापरायची त्याचा नकाशा. मंजूर योजनेत जमीन ज्या वापराची दाखवली, त्यासाठी पुन्हा वेगळी एनए, म्हणजे बिगरशेती, परवानगी लागत नाही. म्हणजे खरा निर्णय नकाशात रंग भरतानाच होतो. माझं म्हणणं एवढंच, की रंग भरण्याआधी माती पाहा. गोदामाला सपाट, टणक जागा आणि रस्ता हवा. काळी भिजली की फुगते, वाळली की भेगाळते, म्हणून तर तिच्यावर एवढा मुरूम ओतावा लागतो. आपल्याकडे बरड, म्हणजे मुरमाड हलकी जमीन, काही कमी नाही. गोदामं तिकडे न्या. आणि परवानगी देताना नाल्यापर्यंतचं सगळं पाणलोट बघा, चर आणि पांदण नकाशावर आखून मगच सही करा.

योजनेवर हरकती मागवतात तेव्हा आपण झोपलेले असतो. म्हणून प्रत्येकानं गावनकाशाची नक्कल काढा, आपली चर पेन्सिलीनं दाखवा. रविवारी दहा वाजता मी वाचनालयात बसतो. म्हाताऱ्यांना सोबत आणा, कोणती चर कुठून जायची ते त्यांनाच ठाऊक आहे.