मान वाकवणारा थेंब

मुठीत मावेल एवढा ठोकळा. पोटात छोटी मोटर, दोन्ही टोकांना चुंबक. दुसरा ठोकळा जवळ नेला की खट्! सांधा तयार. तीन ठोकळ्यांची मान होते, पाचांचा हात. अशाच ठोकळ्यांतून वर्गातल्या मुलांनी नाटकासाठी रोबो उभा केलाय. तोच हात पुढच्या नाटकात सापाची शेपटी होणार आहे.

'रोबो' हा शब्द जगाला दिला तो नाटकानेच. चेक लेखक कारेल चापेक यांचं 'आर. यू. आर.' १९२१ साली प्रागच्या रंगमंचावर आलं, तेव्हा रोबोंच्या भूमिका माणसांनी केल्या होत्या. इथे भूमिका रोबो करतोय आणि त्याला घडवणारी मुलं विंगेत उभी आहेत.

नाटक आहे पाण्याच्या एका थेंबाचं. ऊन तापतं, ठोकळे सुटे होऊन वर जातात. ढगात बारीक थेंब एकमेकांना मिळतात, जड होतात, खाली येतात. ठोकळेही तसेच जुळत जातात. आम्हाला याचंच फार मोल वाटतं. धडा संवादात येण्याआधी रचनेत आलेला आहे.

आता ही मान बघा. थेंबाला पडायची भीती वाटते, म्हणून तो वाकून खाली पाहतो. पहिल्या तालमीत मान झटक्यात गेली, मुरगळल्यासारखी. या मोटरला सेकंदाला सुमारे ५० वेळा विजेचा एक स्पंद जातो. स्पंद दीड मिलिसेकंदाचा असला की मान मधोमध. जरा लांबवला किंवा आखडला की ती झुकते. मुलांनी हे झुकणं बारीक बारीक टप्प्यांत वाटलं. सुरुवात सावकाश, मध्ये वेग, शेवटी पुन्हा सावकाश. आणि वाकल्यावर क्षणभर थांबा. तो थांबा संवाद म्हणणाऱ्या मुलीने मागून घेतला.

मग विजेची अडचण. सगळ्या मोटरी एकदम हलल्या की व्होल्टेज बसायचं, मोटरींना हुकूम देणारा कंट्रोलर पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचा आणि ऐन प्रवेशात पात्र गप्प. मोटरींना वेगळी बॅटरी दिली, ग्राउंड, म्हणजे वीज परत जायची वाट, मात्र दोन्हींचं एकच ठेवलं. ती ही काळी तार.

चेहरा काढायचा नाही, हे मुलांनीच ठरवलं. डोळे रंगवले की सगळे डोळ्यांकडेच बघतात, मान कुणी बघत नाही.

बाष्पीभवनाची व्याख्या या वर्गाला आता वेगळी पाठ करावी लागत नाही.

पडदा पडलाय. टाळ्या चालू आहेत आणि विंगेत थेंब सुटा होतोय. खट्, खट्, खट्. उद्या यातल्या पाच ठोकळ्यांना शेपटी व्हायचंय.